आतड्याचा कर्करोग : घराण्याचा वारसा आणि पोटातील जिवाणू

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानाचा पाठ)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजाच्या आरोग्याचा विचार व्हावा, हे सर्वथा उचित आहे. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांविषयी अशा व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कर्करोगाविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. याची दोन कारणे आहेत. शौचाशी संबंधित गोष्ट चारचौघांत काढण्याचा संकोच, हे पहिले कारण. ‘हा मांसाहार करणाऱ्यांचा रोग आहे, शाकाहारी, निर्व्यसनी घरात तो येत नाही’ अशी समजूत, हे दुसरे. संकोचामुळे रुग्ण डॉक्टरांकडे उशिरा जातो आणि समजुतीमुळे डॉक्टरांकडे गेल्यावरही तपासणी टाळतो. या समजुतीत सत्याचा अंश नाही असे नव्हे. परंतु त्या अंशावर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे गेल्या काही वर्षांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

रोगाचा आरंभ

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. त्याच्या आतील अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत झडून जातात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी येतात. प्रत्येक नवी पेशी तयार होताना जुन्या पेशीतील जनुकांची नक्कल करावी लागते. नक्कल करताना चुका होतात. त्या दुरुस्त करण्याची व्यवस्थाही पेशीत असते. एखादी चूक दुरुस्त न होता राहिली आणि ती पेशीच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकात असली, तर अस्तरावर लहानशी गाठ उगवते. तिला पॉलिप म्हणतात. बहुसंख्य पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचे मात्र, एकामागून एक चुका साचत जाऊन, साधारण दहा वर्षांत कर्करोगात रूपांतर होते.

ही दहा वर्षांची मुदत फार मोलाची आहे. या काळात गुदमार्गातून दुर्बीण घालून, म्हणजेच कोलोनोस्कोपी करून, पॉलिप पाहता येतो आणि त्याच वेळी काढूनही टाकता येतो. काढलेला पॉलिप पुढे कर्करोग होऊ शकत नाही. इतक्या सोप्या रीतीने टाळता येण्याजोगे कर्करोग थोडेच आहेत. तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख लोक त्याने मृत्यू पावले.

महाराष्ट्रातील चित्र

इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ती देशातील पहिली नोंदणी होय. १९७८ साली तिची शाखा औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरासाठी सुरू झाली. जालना तेव्हा त्याच जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. ग्रामीण भागासाठीची पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. या सर्व नोंदींवरून एक गोष्ट दिसते, ती अशी की पाश्चात्य देशांच्या तुलनेत महाराष्ट्रात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पुष्कळच कमी आहे, आणि ग्रामीण बार्शीत ते मुंबईहूनही कमी आहे. ही समाधानाची बाब आहे.

दुसरी बाजू मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील पाहणीत दिसते. तेथे २०१३-१४ या वर्षभरात आलेल्या ८०० रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्या रुग्णांचे सरासरी वय ४७ वर्षे होते. पाश्चात्य देशांत हा रोग प्रामुख्याने साठीनंतरचा मानला जातो. भारताची लोकसंख्याच तरुण असल्यामुळे हे सरासरी वय काही अंशी खाली येते, हे खरे. तरीही संसाराच्या ऐन भरात असलेली माणसे या रोगाने आजारी पडतात, ही वस्तुस्थिती उरतेच. या ८०० पैकी ५७ टक्के रुग्णांची तक्रार शौचावाटे रक्त जाण्याची होती, आणि डॉक्टरांपुढे येण्यापूर्वी सरासरी चार महिने लोटले होते.

शौचावाटे रक्त गेले की घरात एकच निदान होते : मूळव्याध. तिखट बंद केले जाते, मलम आणले जाते, कोणी एखादी पुडी सुचवतो. पुष्कळदा ते निदान बरोबरही असते. परंतु मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, आणि बाहेरून पाहून त्यांतला फरक कळत नाही.

घराण्याचा वारसा

इसवी सन १८९५ मधील हकीकत आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक तरुण स्त्री एकदा फार उदास दिसली. कारण विचारता ती म्हणाली की, आपल्या घराण्यातील बहुतेक सर्व माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली आणि आपणही तशाच जाणार. ती स्त्री खरोखरच तरुणपणी गर्भाशयाच्या कर्करोगाने मृत्यू पावली. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे मनाचा खेळ म्हणून सोडून दिले नाही. त्यांनी त्या कुटुंबाची वंशावळ तयार केली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी १९६० नंतरच्या दशकांत अशी अनेक कुटुंबे शोधून काढली. कर्करोग वंशपरंपरेने येऊ शकतो, हे त्या काळी फारसे कोणी मानत नव्हते. आज या विकाराला ‘लिंच सिंड्रोम’ असेच नाव आहे. त्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या वंशजांत नेमके कोणते जनुक बिघडलेले होते, तेही कालांतराने सापडले. त्याचे नाव एमएसएच-२.

पेशीतील नक्कल करताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी जी व्यवस्था वर सांगितली, तिच्यातील हे जनुक आहे. एमएलएच-१, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ ही त्याच व्यवस्थेतील इतर जनुके. यांपैकी एखादे जनुक जन्मतःच सदोष असेल तर चुका साचण्याचा वेग वाढतो आणि जेथे दहा वर्षे लागावयाची तेथे दोन-तीन वर्षांतही रोग होऊ शकतो. एमएलएच-१ किंवा एमएसएच-२ मध्ये दोष असणाऱ्या दहा जणांपैकी चार-पाच जणांना उतारवयापर्यंत आतड्याचा कर्करोग होतो. स्त्रियांना गर्भाशयाच्या कर्करोगाचाही मोठा धोका असतो. आतड्याच्या कर्करोगाच्या सर्व रुग्णांत लिंच सिंड्रोमचे रुग्ण शंभरात तीन ते पाच असतात.

दुसरा आनुवंशिक विकार याहून विरळ आहे. त्यात एपीसी नावाचे जनुक सदोष असते. पौगंडावस्थेतच आतड्यात शेकडो, कधी हजारो पॉलिप येतात आणि शस्त्रक्रिया न केल्यास साधारण चाळिशीपर्यंत कर्करोग जवळजवळ निश्चित असतो.

दोन्ही विकारांत सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी कोणाकडूनही येते, आणि प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाटांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावे सापडतात, परंतु ती प्रामुख्याने पुरुषांची. लग्न होऊन गेलेली आत्या, आजीचे भाऊ, आईच्या माहेरची माणसे कशाने गेली, याची नोंद कोठेच नसते. डॉक्टर विचारतात, ‘घरात कोणाला कर्करोग होता का?’ आणि रुग्ण केवळ आडनावाच्या नातेवाइकांना आठवून ‘नाही’ म्हणतो. जनुक मात्र आडनाव पाहून येत नाही.

पोटातील जिवाणू

जठरातील व्रण मानसिक ताणामुळे आणि तिखट खाण्यामुळे होतो, असे वैद्यकशास्त्र अनेक दशके मानीत होते. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवले. १९९४ साली हाच जिवाणू जठराच्या कर्करोगाचे कारण म्हणून अधिकृतपणे मान्य झाला आणि २००५ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर साहजिकच प्रश्न उपस्थित झाला की, जेथे जिवाणूंची सर्वांत दाट वस्ती आहे त्या मोठ्या आतड्यात काय घडत असेल?

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६ सालचा अंदाज आहे. त्यांचे एकत्र वजन पावशेराच्या आत भरेल. यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात राहतात. ते शत्रू नव्हेत. धान्य, डाळी, भाज्या यांतील जो चोथा माणसाला पचवता येत नाही, तो हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे हेच मुख्य अन्न आहे. सूज कमी ठेवण्याचे कामही ते करते. चोथा मिळाला नाही तर हे उपयोगी जिवाणू रोडावतात आणि काही जिवाणू अस्तरावरील संरक्षक बुळबुळीत थरच खाऊ लागतात.

मात्र या वस्तीत काही उपद्रवीही आहेत. इ. कोलाय हा सर्वांच्या आतड्यात आढळणारा जिवाणू. त्याच्या काही जाती ‘कोलिबॅक्टिन’ नावाचे विष तयार करतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी २००६ साली दाखवले. हे विष पेशीतील जनुकद्रव्यालाच इजा करते. २०२० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशी पाच महिने या जिवाणूंच्या सान्निध्यात ठेवल्या. तेव्हा जनुकांत एक विशिष्ट प्रकारची खूण उमटली, आणि तशीच खूण आतड्याच्या कर्करोगाच्या काही रुग्णांच्या गाठींतही सापडली. ज्याप्रमाणे बोटांच्या ठशांवरून चोर ओळखावा, तसाच हा प्रकार.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अकरा देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या आत रोग झालेल्यांत कोलिबॅक्टिनची खूण सत्तरीनंतर रोग झालेल्यांपेक्षा ३.३ पट अधिक आढळली. ही इजा बालपणी, बहुधा पहिल्या दहा वर्षांतच झाली असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. आशियातून जपान, थायलंड आणि इराण या अभ्यासात होते, भारत नव्हता. त्यामुळे येथील तरुण रुग्णांना तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

आणखी एक जिवाणू म्हणजे फ्युझोबॅक्टेरियम. हा मूळचा तोंडातला, हिरड्यांच्या रोगात वाढणारा. २०१२ साली दोन स्वतंत्र संशोधक गटांना तो आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत मोठ्या संख्येने आढळला.

असे असले तरी घाबरून जाण्याचे कारण नाही. कोलिबॅक्टिन तयार करणारे जिवाणू निरोगी माणसांतही साधारण पाचांत एकाच्या आतड्यात असतात आणि त्यांतील बहुसंख्यांना कधीच कर्करोग होत नाही. जिवाणू असणे म्हणजे रोग असणे नव्हे.

उपादान आणि निमित्त

मग रोग नेमका कोणाला होतो? याचे उत्तर समजण्यास आपणा सर्वांना परिचित असलेली एक संकल्पना उपयोगी पडेल. घडा मातीतून होतो. माती हे उपादान. कुंभार, चाक आणि दंड ही निमित्ते. माती असून निमित्त नसेल तर घडा होत नाही, आणि नुसत्या चाकातून घडा निघत नाही. दाखला केवळ समजण्यासाठी आहे, परंतु जनुक आणि जिवाणू यांचा संबंध काहीसा असाच आहे.

याचे अतिशय बोलके उदाहरण २०१८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे आणले. ज्यांना जन्मतः एपीसी जनुकाचा दोष आहे अशा रुग्णांच्या आतड्यांची त्यांनी तपासणी केली. अस्तरावर जागोजागी जिवाणूंचे चिकट थर साचलेले होते आणि त्यांत मुख्यतः दोनच जिवाणू होते : कोलिबॅक्टिन तयार करणारा इ. कोलाय आणि विषारी जातीचा बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस. पहिला जिवाणू ६८ टक्के रुग्णांत आढळला. निरोगी व्यक्तींत हे प्रमाण २२ टक्के होते. उंदरांवरील प्रयोगात दोन्ही जिवाणू एकत्र दिल्यावर गाठी लवकर आल्या आणि उंदीर अधिक संख्येने मेले. एकेकटा जिवाणू दिला असता तितकी हानी झाली नाही. म्हणजे ज्या घराण्यात जनुक सदोष आहे तेथेही रोगाचा वेग जिवाणूंवर अवलंबून असू शकतो.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २०२५ च्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांना जन्मतः कोणताही दोष नव्हता अशा काही रुग्णांत एपीसी याच जनुकातील बिघाडावर कोलिबॅक्टिनची खूण होती. एकाला जो दोष आई-वडिलांकडून मिळाला, तोच दुसऱ्याच्या आतड्यात जिवाणूने घडवला. म्हणून ‘घराण्यात कोणाला नव्हता, तेव्हा मला होणार नाही’ हे म्हणणे जसे चूक, तसे ‘घराण्यातच आहे, तेव्हा काही उपाय नाही’ हे म्हणणेही चूकच आहे.

आणि जिवाणूही काही अंशी घरातूनच येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार पहिल्या वर्षात बाळाच्या आतड्यातील सुमारे निम्म्या जिवाणूंच्या जाती आईशी जुळतात, आणि एका छपराखाली राहणाऱ्या माणसांत सुमारे १२ टक्के जाती समान असतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१२ साली दोन एकत्र कुटुंबांतील तीन-तीन पिढ्यांचा अभ्यास केला होता. एका घरात राहूनही आजोबा, मुलगा आणि नातू यांच्या पोटातील जिवाणूंचे प्रमाण वयानुसार बदलत जाते, असे त्यात दिसले. ही वस्ती जन्मभर एकसारखी राहत नाही.

शाकाहार किती तारतो?

आता मूळ समजुतीकडे वळू या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. त्याच वर्षी अमेरिकेतील ७७ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत शाकाहारी व्यक्तींना आतड्याच्या कर्करोगाचा धोका २२ टक्के कमी असल्याचे दिसले. शाकाहाराच्या बाजूने हा पुरावा सबळ आहे. परंतु २२ टक्के कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत, २००९ साली, शाकाहारी गटात हा रोग कमी आढळलाच नाही. नुसते मांस वर्ज्य केल्याने काम भागत नाही. ताटात काय आहे, हेही पाहावे लागते.

२०१५ सालचाच एक प्रयोग उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील वीस कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील वीस माणसे यांच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल करण्यात आली. अमेरिकनांचा रोजचा चोथा १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेला. आफ्रिकनांचा ६६ वरून १२ ग्रॅमवर आणला आणि त्यांच्या अन्नातील चरबी तिप्पट केली. अवघ्या दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यातील ब्युटिरेट वाढले आणि सूज कमी झाली; आफ्रिकनांत नेमके याच्या उलट घडले. वंश आणि जनुके तीच होती. स्वयंपाक तेवढा बदलला होता.

भोपाळच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी २०१९ साली भोपाळ आणि केरळ येथील ३० रुग्ण आणि ३० निरोगी व्यक्तींच्या जिवाणूंची तुलना केली. भारतीय रुग्णांत फ्लेव्होनिफ्रॅक्टर हा जिवाणू विशेषत्वाने वाढलेला दिसला. फळे आणि भाज्यांतील उपकारक द्रव्ये हा जिवाणू मोडून टाकतो. चांगले अन्न पोटात गेले तरी त्याचा लाभ पूर्ण मिळत नसावा, असा तर्क त्यावरून निघतो. अभ्यास लहान आहे, परंतु तो भारतीय रुग्णांवरचा असल्यामुळे मोलाचा आहे.

मराठवाड्याचे पूर्वापार जेवण या दृष्टीने उत्तमच होते : ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, हरभऱ्याची भाजी, जवस-कारळाची चटणी. गेल्या दोन पिढ्यांत भाकरीची जागा चाळलेल्या कणकेच्या फुलक्यांनी, न्याहारीची जागा बिस्किटे आणि ब्रेड यांनी, आणि चार वाजताच्या खाण्याची जागा शेव-फरसाणाने घेतली. यात कोठेही मांस नाही, कंदमूळ नाही, नियमभंग नाही. मात्र आतड्यातील जिवाणूंना खायलाही काही नाही. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्या वर्ज्य असतात. त्या चार महिन्यांत चोथ्याची उणीव साबूत कडधान्ये, सालीसह डाळी, ज्वारी आणि मेथीदाणे यांनी भरून काढावी. जालन्याची मोसंबी सर्वत्र प्रसिद्ध आहे. तिचा रस गाळून पिण्याऐवजी फोडी सोलून खाल्ल्या तर चोथाही पोटात जातो. दिवसभर गादीवर बसून होणारा व्यवसाय, वाढलेले पोट, आणि तंबाखू, विशेषतः विडी-सिगारेट, हीदेखील या रोगाची निमित्ते आहेत.

बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्या किंवा ‘आतडे शुद्ध करणारी’ चूर्णे यांनी हा कर्करोग टळतो, असा पुरावा नाही.

लपवल्याने काय होते

सर्वांत नाजूक मुद्दा शेवटी घ्यावा लागतो. घरात एखाद्याला कर्करोग झाला की पुष्कळदा तो लपवला जातो. मुलीचे लग्न ठरायचे आहे, मुलाला स्थळ सांगून येणार आहे. बाहेर कळले तर अडचण होईल. मग ‘काकांना पोटाचा त्रास होता’ एवढेच सांगितले जाते. काही वर्षांनी ज्या पुतण्याला तपासणीची गरज होती, त्यालाच काका कशाने गेले ते ठाऊक नसते. ज्या मुलीच्या लग्नासाठी मौन पाळले, तिच्यातच तो दोष असू शकतो. आणि सासरी, चाळिशीच्या आत, तिला शौचावाटे रक्त जाऊ लागले तर तीही मूळव्याध समजून गप्प बसते. समाजापासून लपवलेली गोष्ट अखेर स्वतःच्या मुलांपासून लपवली जाते, आणि तिची किंमत मुलांनाच मोजावी लागते.

माहिती असल्यास काय साधते, हे फिनलंडमधील अभ्यासाने दाखवले आहे. लिंच सिंड्रोमच्या कुटुंबांतील ज्या व्यक्तींनी पंधरा वर्षे दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेतली, त्यांच्यात आतड्याचा कर्करोग ६२ टक्क्यांनी घटला आणि त्या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. तपासणी न केलेल्या गटात नऊ मृत्यू झाले. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. आता अशा व्यक्तींना वयाच्या विशी-पंचविशीपासून दर एक ते दोन वर्षांनी तपासणीचा सल्ला दिला जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, दोन वर्षे रोज ॲस्पिरिन घेतलेल्या ४२७ जणांपैकी ४० जणांना पुढे हा कर्करोग झाला. न घेतलेल्या ४३४ पैकी ५८ जणांना झाला. अर्थात ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका असतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्यात.

१. एका वहीत तीन पिढ्यांची नोंद करावी. वडिलांकडील आणि आईकडील, लग्न होऊन गेलेल्या मुलींसह सर्वांची. कोणाला कोणता कर्करोग, कोणत्या वयात झाला, एवढे लिहिले तरी पुरे.

२. ‘तीन-दोन-एक’ हा नियम लक्षात ठेवावा. आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेले तीन जवळचे नातलग, सलग दोन पिढ्यांत, आणि त्यांपैकी निदान एक पन्नाशीच्या आत. असे असल्यास आनुवंशिक दोषाची शंका घेऊन जनुकीय समुपदेशन घ्यावे. टाटा स्मारक केंद्रात ही सोय आहे.

३. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी एकालाही हा रोग झाला असेल, तर वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातलगाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा डॉक्टरांना भेटून कोलोनोस्कोपीविषयी विचारावे.

४. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारणाविना रक्तक्षय किंवा वजन घटणे, यांपैकी काहीही असल्यास वय कितीही असो, तपासणी करावी. शासनाच्या तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग येतात. आतड्याचा येत नाही. तेव्हा ही जबाबदारी ज्याची त्यानेच घ्यावयाची आहे. पुढील उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्याहून सुमारे ६० किलोमीटरवर आहे.

५. रोग झालेलाच असेल, तर काढलेल्या गाठीवर दुरुस्ती-व्यवस्थेच्या प्रथिनांची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. त्यावरून कुटुंबाचा धोका कळतो आणि उपचाराची दिशाही ठरते. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा दोष असलेल्या मलाशयाच्या गाठींच्या पहिल्या बारा रुग्णांना केवळ प्रतिकारशक्ती जागवणारे औषध दिले असता, बाराही जणांच्या गाठी नाहीशा झाल्या.

पर्युषणाच्या अखेरीस सारे कुटुंब क्षमापनेसाठी एकत्र येते. लांबच्या गावांहून लेकी-जावई, आत्या-मामा येतात. वर्षभरातील मनातले सल त्या दिवशी मोकळेपणाने बोलून दूर केले जातात. त्याच दिवशी घरातील वडीलधाऱ्यांनी ती वही उघडून, कोण कशाने गेले हे एकदा नीट सांगावे आणि तरुणांनी ते लिहून घ्यावे. आजी-आजोबांच्या स्मरणात जे आहे ते त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वी कागदावर उतरले, तर या घरांतील पुढच्या पिढीला वेळेवर तपासणी करता येईल, आणि तिच्यातील काही जीव निश्चित वाचतील.

जय जिनेंद्र.